कबरीपाशी काहीच वाटलं नाही, फादर

फादर,

माझं वय ६१. वसईत आमची लहानशी वाडी आहे, केळी आणि थोडी फुलं. पवित्र भूमीला जायचं हे आमच्या मिस्टरांचं स्वप्न होतं. ते राजेळी केळ्यांची सुकेळी (सुकवलेली केळी) करून विकायचे आणि त्यातले थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकायचे. २०२० च्या ईस्टरनंतर निघणाऱ्या गटात आमची दोघांची नावं होती. टाळेबंदी आली, यात्रा रद्द झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते कोरोनानं गेले. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना पाहिलं तेवढंच. मीही पॉझिटिव्ह होते, घरात कोंडलेली. मूठभर माती टाकायलाही जाता आलं नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत मुलांच्या आग्रहानं मी एकटी गेले. दहा दिवसांत जॉर्डन, इस्राएल, इजिप्त. सोबतच्या बायका जागोजागी रडत होत्या. मला काहीच झालं नाही. जेरुसलेमला येशूच्या कबरीवर बांधलेल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये दोन तास रांगेत उभी होते. आत वाकून गेले, गुडघे टेकले, दगडाला हात लावला, तेवढ्यात दारावरच्या साधूनं ‘चला, चला’ म्हणून बाहेर काढलं. आजूबाजूला धक्काबुक्की, मोबाइल. वेगवेगळ्या पंथांचे साधू एकमेकांकडे पाहतही नव्हते. बाहेर सगळी दुकानंच. येशू ज्या गावी लग्नाला गेला होता त्या काना गावी जोडपी लग्नाचं वचन पुन्हा घेतात, तिथं मी सगळ्यांचे फोटो काढले. सगळ्यांनी आपापले मोबाइल माझ्याकडे दिले होते.

घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, खूप छान झालं, डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं होतं. तेव्हापासून मी मिस्सेला जाते, पण कम्युनियनला (ख्रिस्तप्रसाद घ्यायला) उठत नाही. आता तिकडे युद्ध झाल्यापासून आमच्याकडून कोणी गेलेलं नाही, म्हणून येत्या उपवासकाळात आमच्या समूहानं मला अनुभव सांगायला बोलावलं आहे. काय सांगू? माझी श्रद्धाच मेली आहे का? त्यांच्या कष्टाचे पैसे मी वाया घालवले का?

ता. क. त्याच चर्चमधल्या अभिषेकाच्या शिळेवर मी त्यांचा रुमाल टेकवून आणला. कपाटात आहे. त्याला हात लावायचं धाडस होत नाही.

वसईची एक बहीण

---

ताई,

आधी जे लगेच करायचं ते सांगतो, बाकीचं मग बोलू. येत्या रविवारी कम्युनियनला उठा. काही वाटलं नाही, हे पाप नाही. कोरड्या मनानं गुडघे टेकणं हेही पाप नाही. शेजारणींना ‘डोळ्यांत पाणी आलं’ असं सांगितलंत ते खरं नव्हतं आणि ते तुम्हाला टोचतं आहे. पण तेवढ्यासाठी माणसानं ख्रिस्तशरीरापासून दूर राहावं असं आपली ख्रिस्तसभा शिकवत नाही. मिस्सेच्या सुरुवातीला आपण सगळे मिळून क्षमा मागतो ती अशाच गोष्टींसाठी. त्याहून मन हलकं करावंसं वाटलं तर आधी पापनिवेदनाला जा, एका वाक्यात सांगा आणि मोकळ्या व्हा. इतकी वर्षं बाकीचे उठून रांगेत जात राहिले आणि तुम्ही बाकावर बसून राहिलात, हे वाचून मला फार वाईट वाटलं. पंगतीत बसून कोणी उपाशी उठावं, तसं झालं हे.

आता त्या चर्चविषयी. तुम्हाला जे दिसलं ते खरंच तसं आहे. तिथं सहा ख्रिस्ती परंपरांचे हक्क आहेत: ग्रीक ऑर्थोडॉक्स, आपले कॅथलिक फ्रान्सिस्कन, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन. कुठला दिवा कोणी लावायचा, कुठली पायरी कोणी झाडायची, कुठल्या वेळी कोणी धूप फिरवायचा, हे सगळं ठरलेलं आहे. ऑटोमन सुलतानानं १८५२ साली फर्मान काढलं की जे जसं चालू आहे ते तसंच राहील, आणि ती घडी आजवर मोडलेली नाही. दर्शनी भिंतीवर वरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी तुम्ही पाहिली असेल. ती हलवायचा हक्क कोणाचा यावर एकमत होत नाही, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या तिथंच आहे. मुख्य दाराची जबाबदारी दोन मुसलमान घराण्यांकडे आहे. एक घराणं किल्ली सांभाळतं, दुसरं दार उघडतं. २००८ मध्ये तर त्या चर्चच्या आत ग्रीक आणि आर्मेनियन साधूंची मारामारी झाली आणि ती चित्रं जगानं पाहिली.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला लाज वाटली होती. पुढे दोनदा गट घेऊन गेलो आणि हळूहळू दुसरी बाजूही दिसायला लागली. १००९ साली खलिफा अल-हकीमच्या हुकमानं ते चर्च पाडलं गेलं. त्याच शतकात बायझंटाइन सम्राटांनी ते पुन्हा उभं केलं आणि क्रुसेडच्या काळात ते वाढवलं गेलं. १८०८ साली आग लागली, १९२७ साली भूकंपानं हादरलं. एवढं सगळं होऊन रोज पहाटे दार उघडतं आणि ज्यांचं एकमेकांशी पटत नाही ती माणसं एकाच छपराखाली त्याच प्रभूची प्रार्थना करतात. कबरीवरची घुमटी खचायला आली तेव्हा ग्रीक, आर्मेनियन आणि फ्रान्सिस्कन एकत्र बसले आणि २०१६-१७ मध्ये तिची दुरुस्ती पार पडली. सणाच्या मिरवणुकीत कोणी पुढे चालायचं यावरून दोन आळ्यांची माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मी आपल्याकडच्या धर्मग्रामांत पाहिलं आहे. त्याच दोन आळ्या कोणी वारलं की एकाच खड्ड्याभोवती उभ्या असतात. ख्रिस्तसभा अशी आहे, ताई. मी तिच्यावर प्रेम करतो ते ती अशी असतानाच.

आणि दुकानांबद्दल एक सांगू? बेथलेहेममध्ये ऑलिव्हच्या लाकडाचे क्रूस आणि गव्हाणी विकणारी कितीतरी घरं तिथल्या स्थानिक ख्रिस्ती लोकांची आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तेच कोरीवकाम करत आली आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध पेटलं, यात्रेकरू थांबले आणि त्या वर्षी बेथलेहेमनं नाताळचा जाहीर उत्सवही केला नाही. ज्या दुकानांचा तेव्हा आपल्याला वैताग आला त्यांची शटरं बंद झाली. तुमच्या घरी तिथला एखादा लाकडी क्रूस असेल तर तो कोरणाऱ्या हातांसाठी रोज एक ‘आमच्या बापा’ म्हणा.

श्रद्धा मेली का, असं तुम्ही विचारता. निस्साचे संत ग्रेगरी चौथ्या शतकातले बिशप. ते स्वतः जेरुसलेमला जाऊन आले आणि मग एका पत्रात त्यांनी स्वच्छ लिहिलं की बेथलेहेम पाहण्याआधीही प्रभूनं कुमारी मरियेच्या पोटी जन्म घेतला हे आम्ही मानतच होतो, तिथं जाऊन आमची श्रद्धा वाढली नाही आणि घटलीही नाही. संत जेरोम तर बेथलेहेमलाच राहायचे, तिथं बसूनच त्यांनी पवित्र शास्त्राचं लॅटिन भाषांतर पुढे नेलं. त्यांनी ३९५ च्या सुमारास पॉलिनस नावाच्या मित्राला कळवलं की स्वर्गाचं अंगण जेरुसलेमहून जितकं जवळ, तितकंच ब्रिटनहूनही. मी यात्रेच्या विरोधात नाही. लोकांना नेणारा मीच आहे. पण यात्रेला श्रद्धेचं तापमापक केलं की माणूस तुमच्यासारखा अडकतो. पारा चढला नाही म्हणून आपण मेलो असं समजतो.

मला हे आधी जपानमधल्या नागासाकीत कळलं. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इतर पंचवीस जणांसोबत तिथल्या निशिझाका टेकडीवर क्रूसावर गेला. भर हिवाळ्यात त्यांतल्या बहुतेकांना जवळजवळ महिनाभर चालवत तिथं आणलं होतं. टेकडीवर १९६२ साली उभारलेलं स्मारक आहे, सव्वीस जणांच्या मूर्ती ओळीनं. लहानपणापासून ज्याच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) म्हटल्या, त्याच्या मरणाच्या जागी मी उभा होतो. मन अगदी सपाट. डोळे मिटले तरी थंडीशिवाय काही जाणवेना. मला स्वतःची भीती वाटली, धर्मगुरू असून हे असं कसं. परत आल्यावर काही आठवड्यांनी एक आजारी म्हातारी बाई मला तिच्या खाटेवरून म्हणाली, ‘फादर, आमच्या गोन्सालोला बघून आलात ना? कसा आहे तो?’ एखादा मुलगा परदेशी नोकरीला असावा आणि त्याची खुशाली विचारावी, तसं. मला उत्तर देता आलं नाही. जे तिकडे व्हायचं राहिलं होतं ते तिच्या उशाशी झालं.

तुमचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे, आणि मला खरं बोलायचं आहे ते तिच्याविषयी.

तुम्ही ज्या दगडाला हात लावलात तो मूळ खडक नव्हे. ती वर बसवलेली संगमरवरी लादी. २०१६ च्या ऑक्टोबरात दुरुस्तीसाठी ती थोड्या वेळापुरती सरकवली, तेव्हा खाली भराव निघाला, भरावाखाली क्रूस कोरलेली दुसरी फुटकी लादी निघाली आणि तिच्याखाली चुनखडीचा खडक, ज्यावर प्रभूला ठेवलं होतं असं ख्रिस्ती परंपरा मानते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला त्या लाद्या आठवत राहिल्या. वरची लादी म्हणजे ‘मला काहीच वाटलं नाही’. पण ज्या बाईला काहीच वाटलं नाही, तिला काना गावी आपल्या हातात सगळ्यांचे मोबाइल होते हे कसं लक्षात राहतं? आणि मूठभर माती टाकता आली नाही, हे वाक्य तुम्ही अगदी सुरुवातीला लिहिलंत. यात्रेच्याही आधी.

ताई, तुम्ही दोन तास रांगेत उभ्या राहिलात ते एका कबरीपाशी जायला. हात लावलात न लावलात तोच तुम्हाला कोणीतरी बाहेर काढलं. हे तुमच्यासोबत दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा झालं तेव्हा तर तुम्हाला रांगेतही उभं राहू दिलं नव्हतं. मन बंद झालं यात नवल ते काय. एका कबरीपाशी जे करायचं राहिलं होतं ते दुसऱ्या कबरीपाशी कसं होणार, आणि तेही अर्ध्या मिनिटात?

पुनरुत्थानाची गोष्ट कुठून सुरू होते ते पाहा. शुक्रवारी संध्याकाळ झालेली. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागणार म्हणून अरिमथाईकर योसेफानं देह घाईघाईनं कबरीत ठेवला. लूक सांगतो की गालीलाहून आलेल्या बायका मागोमाग गेल्या, देह कसा ठेवला ते त्यांनी पाहिलं, घरी येऊन सुगंधी द्रव्यं तयार केली आणि मग शब्बाथ होता म्हणून स्वस्थ राहिल्या. आमच्या प्रवचनांत हा दिवस आम्ही नेहमी ओलांडून जातो. शुक्रवारवरून थेट रविवारच्या पहाटेवर. पण त्या बायकांनी तो शनिवार पुरता काढला. हातात सुगंधी द्रव्यं तयार, माणूस थोड्याच अंतरावर, आणि नियम असा की शब्बाथाला काम करायचं नाही. तुमच्या वेळी नियम क्वारंटाइनचा होता. फरक एवढाच, की त्यांचा शनिवार एका दिवसात सरला आणि तुमचा अजून चालू आहे.

मोठ्या श्रद्धेनं काही मिळवायला त्या रविवारी पहाटे निघाल्या नव्हत्या. राहिलेलं काम पुरं करायला निघाल्या होत्या. घाईत उरकलेल्या मूठमातीची रुखरुख त्यांना बाहेर काढत होती.

यात माझाही दोष आहे, तो लिहायला हवा. त्या एप्रिल-मे महिन्यांत मी कितीतरी जणांसाठी प्रार्थना केली ती दफनभूमीबाहेर रस्त्यावर उभं राहून, फोन स्पीकरवर ठेवून. आत किट घातलेली चार माणसं. एकदा चिरशांतीच्या प्रार्थनेच्या मध्येच रेंज गेली आणि पुन्हा जोडेपर्यंत माती टाकून झाली होती. तेव्हा घराघरांत शब्द दिला होता, हे सगळं संपू दे, मग प्रत्येकासाठी नीट मिस्सा करू, सगळे जमू. काहींसाठी ती झाली. पुष्कळांसाठी राहिली, कारण संपलं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच पुढे जायची घाई झाली. चर्चला रंग, राहिलेली लग्नं, राहिलेले पहिले ख्रिस्तप्रसाद. विधवा बायका शहाण्यासारख्या गप्प राहिल्या आणि आम्ही समजलो, सावरल्या.

काना गावाचंही तेच. मी गट घेऊन गेलो तेव्हा दोन्ही वेळा जोडप्यांना पुढे उभं केलं, हातात हात द्यायला लावले, आशीर्वाद दिला. मागे बाकावर कोण बसलं आहे हे पाहिलं नाही. कॅमेरे कोणाच्या हातात असतात, हा विचार तुमचं पत्र वाचेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. पुन्हा कधी ती वाट खुली झाली आणि मी गेलो, तर तिथली प्रार्थना मी आधी त्यांच्यासाठी म्हणेन ज्यांचं वचन मरणापर्यंत पुरं पाळून झालं आहे. तुम्ही ते पाळलंत. तिथं उभ्या असलेल्या कितीकांचं अजून पाळायचं बाकी होतं. आणि दहा दिवसांत तीन देश हे वेळापत्रकही बदलायला हवं. चौथ्या शतकात एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई तिकडे फिरली आणि आपल्या बहिणींसाठी तिनं सगळं लिहून ठेवलं. ती प्रत्येक जागी थांबायची, त्या जागेचं वचन वाचायला लावायची, स्तोत्र म्हणायची, मग पुढे. एका दिवसात पाच पुण्यक्षेत्रं दाखवणाऱ्या आम्हा लोकांना तिची वही कामाची आहे.

पैशांचं मनावर घेऊ नका. डब्यातले पैसे त्यांनी तुमच्या अश्रूंसाठी साठवले नव्हते, दोघांनी जावं म्हणून साठवले होते. तुम्ही त्यांचा रुमाल पर्समध्ये घालून नेलात. गेलात तुम्ही दोघंच.

समूहापुढे काय सांगायचं? सांगावंसं वाटत नसेल तर ‘यंदा नको’ म्हणा. कारण द्यायची गरज नाही, आणि कोणी आग्रह केला तर माझं नाव सांगा. पण सांगणार असाल तर खरं ते सांगा. मार्कच्या शुभवर्तमानाची सगळ्यांत जुनी हस्तलिखितं जिथं थांबतात ते वाक्य असं आहे: त्या बायका कबरीपासून पळाल्या, कापत होत्या, आणि त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, कारण त्या भ्यालेल्या होत्या. पुनरुत्थानाच्या पहिल्या साक्षीदारांजवळ त्या घटकेला सांगण्यासारखा अनुभव नव्हता. डोळ्यांत आनंदाश्रूही नव्हते. ख्रिस्तसभेनं ते वाक्य पुसून टाकलं नाही. तेव्हा तुम्ही फोटो दाखवू नका, दुसऱ्या कोणाच्या तोंडची वाक्यं उसनी घेऊ नका. रांगेचे दोन तास सांगा. आतलं अर्धं मिनिट सांगा. जमलं तर काना गावचं सांगा. त्या खोलीत तुमच्यासारख्याच घाईत उरकलेल्या मूठमातीचं ओझं घेऊन बसलेलं आणखी कोणीतरी असेल, कारण वसईत २०२१ साली एकच घर रडलं नाही. तुम्हाला बोलताना रडू आलं तर येऊ द्या. नाही आलं तरी ते खरंच असेल.

एक व्यवहाराची गोष्टही विचारतो. रात्री झोप लागते का? जेवता का वेळेवर? वाडीत जाता का, की ती आता मजुरांवरच सोडली आहे? सकाळी उठावंसंच वाटत नसेल तर प्रार्थनेच्या जोडीला चांगल्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा, मुलांपैकी कोणाला सोबत न्या. हे मी श्रद्धेच्या जागी सुचवत नाही. गुडघा दुखला तर आपण नोव्हेनाही म्हणतो आणि हाडांच्या डॉक्टरकडेही जातो.

आणि आता मुख्य काम. तुमच्या धर्मग्रामाच्या फादरांना भेटा आणि सांगा, आमच्या मिस्टरांची मिस्सा राहिली आहे. वर्षश्राद्धाची, सगळ्या मृतांच्या यादीतली एका नावाची मिस्सा नव्हे. त्यांची एकट्याची, अंत्यविधीला जशी झाली असती तशी. एप्रिलमधली तारीख घ्या. दीर-जावा, त्यांचे मित्र, बाजारात त्यांच्याकडून सुकेळी नेणारी माणसं, सगळ्यांना बोलवा. वाचनं तुम्ही निवडा. योहानाच्या विसाव्या अध्यायातला तो उतारा घेतलात तर मला बरं वाटेल, जिथं मरिया माग्दालिया रडत उभी आहे आणि समोरचा माणूस तिला बागेचा माळी वाटतो. योहान म्हणतो, ती कबर बागेतच होती. हा उतारा तुमच्या घरातून वाचला जायला हवा.

त्या दिवशी सकाळी वाडीत जा. त्यांनी लावलेल्या केळीच्या बुंध्याशी एक मूठ माती घ्या. कपाटातला रुमाल काढा आणि त्यात ती बांधा. अभिषेकाची ती शिळा १८०८ च्या आगीनंतर १८१० साली बसवलेली आहे, हेही सांगून ठेवतो, म्हणजे रुमालाला हात लावताना भीती वाटणार नाही. त्यात काही अलौकिक उतरलेलं नाही. तुम्ही तो त्यांच्या नावानं तिथं टेकवलात, म्हणून तो मोलाचा. मिस्सा झाली की सगळ्यांना घेऊन दफनभूमीत जा. फादर पवित्र पाणी शिंपडतील, चिरशांतीची प्रार्थना म्हणतील, आणि यावेळी ती मध्येच तुटणार नाही. मग रुमाल सोडा आणि माती टाका. लागेल तेवढा वेळ घ्या. तुम्हाला तिथून कोणी हलवणार नाही, तेवढं आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

तारीख ठरली की मला एक ओळ टाका. नाव कळवायची गरज नाही, चर्च आणि वेळ कळवा. मी येऊन मागच्या बाकावर बसेन.

तुमचा,
फादर